उतरलेला गंधार

आमच्या नानाकाकांचा जुना, विजेवरचा अकॉर्डियन मी यंदा गणपतीआधी उघडला. त्यात प्रत्येक सुराचं सर्किट वेगळं असतं. गंधाराचा कपॅसिटर खराब होऊन तो सूर चांगलाच उतरला होता. मी नवा कपॅसिटर लावला, सूर चोख झाला.

संध्याकाळी काकांनी आरतीला साथ धरली आणि दुसऱ्याच ओळीला सगळे अडखळले. तीस वर्षं आमची अख्खी झाशीकर मंडळी त्या उतरलेल्या गंधारावरच गात आली होती!

काकू कडाडल्या, "चांगला वाजत होता, कशाला हात लावलास?"

काका म्हणाले, "इतकी माणसं दुरुस्त करण्यापेक्षा एक पुर्जा बदल, भैया."

कचऱ्यातून जुना कपॅसिटर शोधून परत लावला. दुसऱ्या दिवशी आरती झकास झाली. सगळ्यांच्या मते बेसूर गायले ते फक्त पुण्याहून आलेले जावई.