बांबू धरणारा माणूस

दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या हॅम रेडिओचं वेड घरात एकट्यालाच असलं, तरी अँटेना उभी करायला दोन माणसं लागतात. माझी बायको सुमन गेल्यापासून माझा सेट बंदच होता. परवा शेजारचा सदू म्हणाला, "चल, मी येतो," आणि आम्ही वेळणेश्वरच्या वर सड्याच्या पठारावर गेलो.

तिथे झाड नाही, आणि कातळात खुंटी जात नाही. म्हणून मी आंबे काढायची जाळी लावतात त्या घळीचा लांब बांबू नेतो. तार मधोमध बांबूच्या टोकाला बांधायची, तिची दोन्ही टोकं दगडांखाली दाबायची आणि बांबू कुणीतरी धरून उभं राहायचं. आधी सुमन धरायची.

"अरे, अजून किती वेळ? हात भरून आले माझे," सदू कुरकुरला.

"हलू नकोस. तार खाली आली की आवाज जातो."

"मी नाय हलत. वारा हलवतोय मेल्या!"

तेवढ्यात नागपूरचे वसंतभाऊ लागले. आमची ओळख वर्षानुवर्षं फक्त रेडिओवरची. "अरे वा, किती दिवसांनी! पण आवाज खालीवर होतोय. आज वहिनींनी बांबू धरला नाही का?"

मला बोलायचं बटण दाबवेना. शेवटी दाबलं आणि म्हणालो, "ती गेली, भाऊ. पावसाळ्यात."



मग सदू बांबू छातीशी घट्ट धरून म्हणाला, "त्यांना सांग, माणूस नवीन आहे. शिकतोय म्हणावं."