ठकुबाईंचं पत्रिकेचं मशीन

नाही नाही, उठू नका वसुमतीअक्का, बसा! आत्ता सुरू होईल. मशीन म्हटलं की कधी तरी रुसणारच — माणसं रुसत नाहीत? हे बघा, वायर इथं, प्लग तिथं, बटण दाबलं — दिवा लागला. लागला ना? म्हणजे जीव आहे! ह्या कानडी मुलखातल्या सगळ्या शिवाजीनगरात लॅपटॉपवर पत्रिका जुळवणारी ही ठकुबाई एकटीच, आणि तुमच्यासारखी माणसं घरी आली की नेमकं हे तोंड काळं करून बसतं. माझ्या भाच्यानं, रणवीरनं दिलंय हो — त्याच्या ऑफिसात नवीन आले तेव्हा हे जुनं माझ्याकडे आणून टाकलं, म्हणाला, मावशी, पुरे झालं तुझं पंचांग. आता तुमच्या सुमंतची जन्मवेळ घालायची, त्या दिव्यश्रीची घालायची, की गुण समोर! तुम्हीच म्हणालात की, भटजी माणूस बघून बोलतो, मशीन बोलत नाही. मशीन हो म्हणालं तर पोराचं लग्न तिच्याशी, नाही म्हणालं तर विषय बंद. सरी, चालेल. मला पटलं.

पण आधी ह्यानं उठायला पाहिजे ना! थांबा, बंद करून परत लावते. — ऐकलंत? गुरगुरतंय. आतलं फिरतंय सगळं. — आणि परत तीच इंग्रजी ओळ! काय म्हणतंय — डिस्क चुकीची आहे, बदला आणि कुठलंही बटण दाबा, म्हणून सांगतंय. कुठलंही म्हणजे कुठलं? हे दाबलं. हेही दाबलं. ढिम्म. व्होल्टेज असेल — खालचा गॅरेजवाला वेल्डिंग लावतो की आमचे दिवे मिणमिणतात. पण तो तर आता जेवायला गेलाय. बॅटरी? काढली, पदरानं पुसली, बसवली... अंहं. एक थापड देऊ? आमच्या रेडिओला लागू पडायची. नको, रणवीर ओरडेल. काल संध्याकाळपर्यंत कसं सुरळीत चालत होतं हो! सुमंतसमोरच तर मी —

कोण? सुमंत म्हणाले मी? छे छे, तो दुसरा एक सुमंत, तो आपला — अय्यो, अक्का, असं बघू नका माझ्याकडे! बरं, आला होता. तुमचाच. आईला सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नव्हते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्या पोराला काय ठाऊक! स्वल्प वेळच बसला. गुण जुळले नाहीत तर काय, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, तर काय, आईचं ऐकायचं. मग म्हणाला — सांगू का? आता अर्धं सांगितलंच आहे — म्हणाला, मावशी, आईला दुखवून मी दिव्यश्रीशी लग्न करणार नाही. पण दुसऱ्या कुणाला माळही घालणार नाही. मी आपला आईजवळ राहीन. अक्का, मला इतकं वाईट वाटलं! रडला असता तर बरं, तेही नाही. मी म्हटलं, आधी कॉफी पी बाबा, आणि आत गेले. परत येते तो हा मशीनजवळ उभा. बघत होतो, म्हणाला. इंजिनियर माणूस, बघणारच.

अरेच्चा! हे कडेला काय? आत फ्लॉपी आहे की! दाबा हे — निघाली. पण ही माझी नव्हे. माझ्या सगळ्या फ्लॉप्यांना मी दसऱ्याच्या आयुधपूजेला कुंकू लावते — रणवीर कपाळाला हात लावतो, पण लावते — आणि ही बघा, कोरी करकरीत. वर व्हाइटफील्डच्या कुठल्या कंपनीचा शिक्का... सुमंतच्याच ना? अक्का? म्हणजे हे बिचारं मघापासून खरंच सांगत होतं, डिस्क चुकीची आहे म्हणून! लबाड पोरगं! मशीननं हो नको म्हणायला, नाही नको म्हणायला, तोंडच बंद! पण मी म्हणते, एवढा शिकलेला मुलगा, मनात आणलं असतं तर पाहिजे तेवढे गुण दाखवायला लावले असते त्यानं ह्याला. मला तरी काय कळलं असतं? ते नाही केलं. तुम्हाला खोटं दाखवायचं नव्हतं त्याला. तुमचा नकार तेवढा यायला नको होता.

असो. मी कोण बोलणार! विघ्न टळलं, आता एक बटण दाबलं की झालं. दाबू? — बोला की अक्का. दाबू ना? — अहो, ती फ्लॉपी कशाला उचललीत? अक्का, तिथं नको, तिथं — घातलीत? परत आत? तुम्ही?

बरं. बरं बरं. डोळे पुसा आधी. काय म्हणता? दिव्यश्रीचं घर? हलसूरला, तळ्याच्या अलीकडं, निळं फाटक. आत्ता? ह्या उन्हात? अहो, कॉफी तरी — सरी, सरी, जा, मी अडवत नाही. ह्याला आज हात लावत नाही मी, कुणी विचारलंच तर बिघडलंय म्हणून सांगते. फक्त सुमंतला माझं नाव नका — ऐकताय का? जिना बघून उतरा! अक्का! अहो वसुमतीअक्का, त्या माझ्या चपला!