कागदाएवढी फट

मिस्त्रींच्या हातची गाडी आवाज करत नाही. मिस्त्रींच्या हातची गाडी आवाज करत नाही. मघापासून जो उठतोय तो हेच! टाळ्या काय, वाहवा काय! एकानं तर सांगितलं, आपल्या गाड्या सकाळी गल्लीतून जातात तेव्हा झोपलेलं तान्हं पोरसुद्धा जागं होत नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि ज्याच्यासाठी टाळ्या चालल्यात, त्या माणसाची मान प्रत्येक टाळीला आणखी खाली जातेय, हे या हॉलमध्ये एकालाही दिसू नये? म्हणून म्हटलं, बस झालं, आता माईक इकडे द्या.

हां, ते राहिलंच. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले मॅनेजर साहेब. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना मी ओळखत नाही, पण कपड्यांच्या इस्त्रीवरून मोठेच असणार. सत्कारमूर्ती हेडमिस्त्री, म्हणजे माझे थोरले दीर. पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या जाऊबाई. ऑफिसची मंडळी, वर्कशॉपची मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले आपले रायडर, कारण खुर्च्या कमी पडल्या की उभं राहायचं ते तुम्हीच, नाही का? सगळ्यांना माझा नमस्कार.

मी पॅकिंगच्या टेबलावर असते. औषधांची खोकी भरायची, पट्टी मारायची, रायडरच्या पिशवीत घालायची. चौथीनंतर शाळा पाहिली नाही. भाषण कसं करतात ठाऊक नाही. साहेब म्हणाले, "घरच्यांपैकी कोणीतरी दोन शब्द बोला, बरं दिसतं." बरं दिसतं की नाही ते शेवटी बघा.

भाऊजींबद्दल चांगलं बोलायचं तर मला दुसऱ्यांकडून ऐकायची गरज नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे नव्हते. घर भाऊजींच्या हातावर चालायचं. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या यांना, शिकवलं भाऊजींनी, गाडी चालवायला शिकवलं भाऊजींनी, या डेपोत रायडर म्हणून चिकटवलं तेही भाऊजींनीच. दोघा भावांचं बोलणं म्हणजे नुसती एकमेकांची टर. भाऊजी यांना "राजे" म्हणायचे. "काय राजे, आज स्वारी उशिरा?" की हे म्हणणार, "तुमच्या घोड्याला विचारा." जेवताना तेच, अंघोळीला पाणी काढताना तेच. त्या घरात आता जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

आता त्या न होणाऱ्या आवाजाकडे येते.

पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. आपल्याकडे रोज सकाळी गेटवर एक परीक्षा असते. साहेब स्वतः उभे राहतात. एकेक गाडी चालू करून समोरून न्यायची आणि साहेब कान देऊन ऐकणार. इंजिनातून टिकटिक आली की बोट वर्कशॉपकडे. गाडी परत. कारण काय, तर दुकानांत, लोकांच्या दारात सकाळी सकाळी औषधं पोचवायची, आवाजाच्या तक्रारी नकोत, कंपनीची शोभा जाते. शोभा ठीक आहे. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या गार गाडीची थोडी टिकटिक व्हायचीच असते, हे साहेबांना कोणी सांगितलं नाही. ज्यांनी सांगायचं ते भाऊजी. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी पाना घेतला आणि टॅपेट आवळले. टिकटिक बंद. साहेब खूश. मग तीच रीत पडली. मिस्त्री लोकांमध्ये चढाओढच लागली, कोणाची गाडी जास्त गपगार.

टॅपेट म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. भाऊजींनी मला जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन समजावलं. इंजिनाच्या आत झाकणं असतात. एकातून पेट्रोल आणि हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. त्या झाकणांच्या माथ्याशी कागदाएवढी फट सोडावी लागते. का? इंजिन तापलं की आतलं लोखंड वाढतं, त्याला वाढायला जागा हवी. जागा नसली तर झाकण पुरतं मिटत नाही. मिटलं नाही की सगळा दम निसटून जातो. मग किक मारा नाहीतर नवस बोला, गाडी चालू होत नाही. चालू असली तर सिग्नलला धडधडते, आचके देते, बंद पडते. आणि गार झाली की? झाकण बसतं. एका किकला चालू. शहाण्यासारखी.

आमचे हे दोन महिने हेच सांगत होते. "दादा, तापली की हिचा जीव जातो. दुकानात पिशवी देऊन येईस्तोवर मुडद्यासारखी पडलेली असते." भाऊजींनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोलची नळी बदलली, कॉइल बदलली. पण हे सगळं कधी? गाडी रात्री वर्कशॉपला लावायची, मिस्त्री सकाळी हात लावणार. तापलेल्या इंजिनाला हात भाजतो म्हणून तशी शिस्तच आहे. सकाळी भाऊजी किक मारायचे, गाडी चालू. परत मारायचे, परत चालू. सगळे हसायचे आणि भाऊजी म्हणायचे, "राजे, गाडीला धाड भरली नाही. तुमच्या पायात दम राहिला नाही. धाकटे, याला जरा खाऊपिऊ घाल गं." धाकटी म्हणजे मी. मीही हसले होते. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मग यांनी आपली युक्ती काढली. गाडी चालू होत नाही ना, मग उतारावर लावायची. दुकान कुठेही असो, गाडी वर चढावर नेऊन ठेवायची. पिशवी देऊन यायचं, न्यूट्रलमध्ये घरंगळत सोडायची, वेग आला की गियर टाकायचा. धक्क्यानं चालू व्हायची. घरी येऊन सांगायचे, "आता मला गावातले सगळे उतार पाठ आहेत."

साहेब, घड्याळाकडे बघू नका. ते घड्याळ आज भाऊजींना भेट मिळालंय, त्यांना बघू दे.

शेवटचा उतार दवाखान्यामागचा. खाली मोठा रस्ता. भर दुपार, गाडी तापलेली. यांनी सोडली, गियर टाकला, चालू झाली नाही. पुन्हा टाकला. तोवर गल्ली संपली आणि गाडी मोठ्या रस्त्यावर जाऊन मधोमध उभी राहिली. चालू असती तर पुढे निघून गेले असते. एवढंसंच अंतर होतं, मी जाऊन पाहिलंय. मी तिथे उभी राहिले, माझ्या मागून माणसं भाजी घेऊन चालली होती, एक बाई म्हणाली, "बाजूला व्हा हो, मध्ये काय उभ्या राहता?" ट्रकवाल्याचा दोष नव्हता. त्यानं ब्रेक दाबला होता. कंपनीनं म्हटलं, इंजिन बंद ठेवून उतारावरून गाडी आणली, रायडरचा निष्काळजीपणा. मला वाटलं, असेल. हे होतेच जरा अघळपघळ.

गाडी डेपोत आली. आरसा फुटला होता, हँडल वाकलं होतं, बाकी काही नाही. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि किक मारली. एका किकला चालू झाली. तेव्हा भाऊजी खाली फरशीवरच बसले, असं वर्कशॉपवाले सांगतात. पण उठले. हँडल सरळ केलं आणि भर उन्हात तीच गाडी घेऊन निघाले. कोणाचं ऐकलं नाही. तापेपर्यंत फिरवली, आणून वर्कशॉपच्या दारात बंद केली आणि लगेच किक मारली. मारत राहिले. नाही झाली चालू. कॉम्प्रेशनचं, म्हणजे इंजिनाचा दम मोजायचं, मीटर लावलं, काटा जागचा हलेना. मग गार होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले. इंजिनाचं वरचं झाकण खोललं, मापाची पातळ पत्र्याची पट्टी घेतली. सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा फटीत जाईना, कारण फट नव्हतीच. त्यांच्याच हातानं आवळलेली. एक पाना, एक स्क्रू. सैल केलं, पुन्हा फिरवून तापवली, बंद केली. एका किकला चालू. आणि मग टिकटिक, टिकटिक.

त्या संध्याकाळी हात न धुता माझ्या खोलीच्या दारात आले. म्हणाले, "धाकटे, गाडीत दोष होता. माझ्या हाताचा." मी म्हटलं, "आत या, हात धुवा." ते आत आले नाहीत. जाऊबाईंना विचारा, तेव्हापासून माणूस नीट झोपलेला नाही. मुदतीच्या दोन वर्षं आधी काम सोडून चाललेत ते काही दमले म्हणून नाही. पाना हातात घेतात आणि तसाच परत ठेवतात. हे सगळं आज बोलायला त्यांनीच मला सांगितलंय. म्हणाले, "मी उभा राहिलो तर मला रडूच येईल, आणि लोक म्हणतील, निरोपाचं रडतोय."

रडा हो भाऊजी. इथे आपलीच माणसं आहेत.

पण रडून झाल्यावर काय? सगळ्या गाड्या खोलून फट बरोबर करू द्या म्हणून भाऊजी साहेबांकडे जाऊन आले. साहेब काय म्हणाले? "मिस्त्री, जाता जाता कशाला? इतकी वर्षं तुम्हीच शांत केल्यात ना? गेटवर पुन्हा टिकटिक नको." खरं की नाही, साहेब? मान हलवा नुसती.

बरं, मागे उभे आहात त्या सगळ्यांना विचारते. तापल्यावर कोणाकोणाची गाडी रुसते? हात वर करा. अरे, घाबरता काय, मी काय तुमची पगारपत्रकं लिहिते? वर करा नीट. ... आता असं करा, हात वरच ठेवा आणि तुमच्यातले गाडी उतारावर लावणारे कोण, ते सांगा. हसू नकोस रे दाढीवाल्या. आमचे हेही असेच हसून सांगायचे. तुझी बायको दाराशी वाट बघते ना?

बघा साहेब, मागे वळून बघा. पाहुण्यांनीही बघावं. एवढे हात आहेत.

भाऊजी, तुम्हाला काय सांगू? तुम्ही आमच्या यांना मोठं केलंत, हे मी विसरलेले नाही. माझ्या मनात राग नाही असं खोटं मी बोलणार नाही. असतो, मधूनच येतो, पॅकिंग करताना येतो. पण आमचे हे असते तर तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले असते, "दादा, घोडा शेवटी तुमचाच वाईट निघाला," आणि तुमच्याबरोबर जेवायला बसले असते. म्हणून उद्यापासून दोन्ही वेळा जेवायला माझ्याबरोबर बसायचं. जाऊबाईंनीही. वाद नको.

मला बोलू दिलंत, मध्येच माईक ओढून घेतला नाहीत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. कोणाला टोचलं असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर शिकली नाही बाई म्हणून पोटात घाला.

एवढं मात्र पोटात घालू नका. साहेब, गेटवरचं ते कान देणं बंद करणार का, सगळ्या गाड्यांची फट बरोबर करून देणार का, आणि रायडरनं तक्रार केली तर गाडी तापवून बघणार का? हो की नाही, ते याच हॉलमध्ये, या सगळ्यांसमोर, येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा.