पाणी काय त्यांच्या बापाचं?

नाही, पण मला एक सांगा, तळ्याकाठी गप्प बसायला पैसे? गप्प बसायला! होडी काढा, घ्या पैसे. तंबू ठोका, घ्या. पण एक म्हातारा माणूस फोल्डिंगच्या खुर्चीत बसून पाण्याकडे बघतोय, त्याची फी? अहो, पाण्यातला मासासुद्धा पोट धरून हसेल! आणि ते पाणी... पाणी काय त्यांच्या बापाचं आहे?

आता हे वाक्य माझं नाही बरं का. हे आमच्या बाबांचं. थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर आमची सुनेत्रा म्हणते तसं, 'तू सांगायला लागलास की लोकांचं जेवण जिरतं पण गोष्ट संपत नाही.' ती बघा, तिथे बासुंदीच्या पातेल्यापाशी उभी राहून मान हलवतेय. हलव, हलव. बायकोने मान हलवल्याशिवाय मला बोलायला सूर सापडत नाही.

तर काय झालं, आमची आई गेली आणि मी बाबांना वेंगुर्ल्याहून इकडे अमेरिकेत, रेडमंडला आणलं. आणलं म्हणजे काय, जवळजवळ उचलूनच आणलं! सगळा जन्म हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून काढलेला आणि संध्याकाळ झाली की बंदराच्या धक्क्यावर गरवायला बसलेला माणूस. गरवायला म्हणजे गरी टाकून मासे धरायला हो, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला मासा थेट ताटातच भेटतो... तो माणूस इथे अपार्टमेंटच्या खिडकीत. खाली काय? पार्किंग लॉट! संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की विचारायचो, "बाबा, कसा गेला दिवस?" तर म्हणायचे, "ती निळी गाडी आज येवक नाय." संपलं! दिवसभरातलं बोलणं एवढंच. आणि जेवणं झाली की रोज, न चुकता, "तिकीट बदल माजां. माका घराक जावंचां आसा." अहो, घरी कोण होतं? कुलूप होतं! विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला भीती वाटायची. त्या रिकाम्या घरात हा माणूस एकटा भिंतीकडे बघत बसेल आणि मी इथे कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडत बसेन.

तेव्हा आमच्या टीममधला रवींद्र, नागपूरचा, ज्याचा आणि पाण्याचा संबंध फक्त उन्हाळ्यातल्या कूलरपुरता, तो म्हणतो, "अबे यार, काकांना फिशिंगला घेऊन जा ना! स्टेट पार्कमध्ये मस्त लेक आहे." गेलो. लायसन्स काढलं, रॉड घेतला. बाबांनी रॉड हातात घेतला, वजन बघितलं, "ह्या काय, छत्रयेची काडी?" म्हणाले, आणि असा एक झपका मारला ना... अहो, शेजारचे गोरे लोक मान वळवून बघायला लागले! अर्ध्या तासात ट्राउट! मी धावत गेलो. बाबा त्या माशाकडे बघतायत, बघतायत, आणि म्हणतात, "हेका मीठ लावूक देव इसारलो." आणि हसले हो! आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. परत येताना सगळा रस्ता बोलत होते. आईने एकदा सुरमईच्या तुकडीवरून त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता, तेसुद्धा सांगितलं. आणि त्या रात्री तिकीट बदल म्हणाले नाहीत!

मग काय, दर शनिवारी तळं. सुनेत्रा शाकाहारी घरातली, पण सासऱ्यांसाठी तिने बाल्कनीत शेगडी मांडून दिली, नाकाला ओढणी बांधून. मी मुक्काम वाढवायचा अर्ज केला. सगळं कसं सुरळीत चाललेलं... आणि नवं वर्ष लागलं आणि पार्काच्या दारात बोर्ड लागला. फी!

मी म्हटलं, ठीक आहे, पाच डॉलर, सिनेमा बघायला गेलं तर तेवढ्यात पॉपकॉर्नसुद्धा धड येत नाही. बाबा म्हणाले, "फिरव गाडी." म्हटलं, बाबा, मी देतो ना! "पैशांचो प्रश्न नाय. पाणी काय तेंच्या बापाशीचां?" झालं! गाडी फिरवली. बाहेर लावावी तर मैलभर नो-पार्किंग. बाबा परत खिडकीत, निळी गाडी परत ऐरणीवर, आणि रात्री परत... बरोब्बर ओळखलंत, "तिकीट बदल माजां."

आता तुम्हाला वाटेल, हे आमचं एकट्याचं रडगाणं. अजिबात नाही! फीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला पार्कवाल्यांनी मीटिंग ठेवली तर गळवाल्यांची ही गर्दी! मी बाबांना घेऊन गेलो. पुढे एक उंच रेंजर, टोपी मांडीवर ठेवून, चेहरा असा, की जणू मुंजीत जेवायला उशीर झालाय. एक अर्ल म्हणून मिशाळ म्हातारा उठला, "आम्ही लायसन्सचे पैसे भरतो, आता दाराचे पण भरायचे? उद्या म्हणाल मासा बघितला त्याचे वेगळे!" टाळ्या! मग एक कोरियन बाई उठल्या. रेंजर म्हणाला, नाव सांगा. त्या म्हणाल्या, "पार्क." तो म्हणतो, "यस मॅम, विच पार्क?" "आय ॲम पार्क!" "आय नो यू आर ॲट द पार्क, मॅम..." अहो, बाईंचं आडनाव पार्क! पार्कबाईंचा पार्काच्या फीला विरोध, हे कागदावर उतरेपर्यंत त्याला घाम फुटला. आणि एक जण, असतोच हो प्रत्येक मीटिंगला असा एक, तो म्हणाला, "फी दुप्पट करा! गर्दी कमी होईल, रेडिओ लावणारे येणार नाहीत, आणि त्या पैशातून आधी संडास धुवा." सगळे त्याच्यावर तुटून पडले. पण मी तो संडास बघितलाय. मनातल्या मनात मी त्याला एक टाळी दिली.

तेवढ्यात बाबांनी मला कोपर मारलं. "तू सांग. माजां म्हणणां सांग." आता सांगू काय? उठलो. अंगात आलं माझ्या! म्हटलं, "सर, माय फादर हॅज अ क्वेश्चन. इज धिस वॉटर युअर फादर्स?" रेंजर गोंधळला. विचार करून, अगदी गंभीरपणे म्हणतो, "नो सर. माय फादर वॉज अ डेंटिस्ट."

आता बोला! अशा माणसाशी भांडणार कसं? अर्लने टाळ्या वाजवल्या, मी प्रत्येक अर्जावर सही केली, सुनेत्राची करायला लावली, रवींद्रकडून पण घेतली. आणि फी? फी जागच्या जागी! पाणी काय त्यांच्या बापाचं नव्हतं, डेंटिस्टचं तर नव्हतंच, पण बोर्ड त्यांचा होता ना!

शेवटी मी बदमाशी केली. तुम्हीही केली असतीत. म्हटलं, बाबा, फी गेली, चला! तिथे सकाळी माणूस नसतो, एक लोखंडी पेटी असते. खांबासारखी, जमिनीत रोवलेली, वर छोटं छप्पर, समोर फट, खाली कुलूप. पैसे पाकिटात घालून फटीत टाकायचे आणि पाकिटाचा तुकडा फाडून गाडीत काचेपाशी ठेवायचा. माझा बेत असा की बाबा खुर्ची काढतायत तेवढ्यात आपण पटकन टाकून यायचं. मी वळून बघतो तर बाबा पेटीपाशी! बूट काढलेले, मोजे काढलेले, त्या ओल्या गवतात अनवाणी उभे, हात जोडलेले! माझ्याकडे बघून म्हणतात, "हय देवस्थान आसा, सांगूक नाय तां तू?" म्हटलं, "हो... म्हणजे... तळ्याची देवी आहे." बाबांनी खिशातून पाच डॉलरची नोट काढली. मग चाचपून एक क्वार्टर काढला. दान म्हटलं की सव्वापाचच हवेत! बघा, डॉलरची पावली या देशाने नुसती आमच्यासाठी पाडून ठेवलेली! दोन्ही फटीत टाकलं, पेटीला हात लावून डोळ्यांना लावला, आणि गेले गरवायला.

मी इतका खूश की पाकीट विसरलो. तुकडा नाही, म्हणून गाडीला दंडाची चिठ्ठी! पुढच्या वेळी म्हटलं, बाबा, इथे दान पाकिटातून करतात, त्याची पावती मिळते, अभिषेकासारखी. बाबांना एकदम पटलं! पाकिटावर नाव लिहायची जागा होती, तिथे हेडक्लार्कच्या अक्षरात नाव लिहिलं, शेजारी गोत्र लिहिलं, कौंडिण्य. दर शनिवारी! मग एकदा तोच रेंजर मला गाठून विचारतो, "सर, हू इज मिस्टर काउंडीनिया? ही ऑलवेज पेज एक्स्ट्रा." म्हटलं, आमच्या घराण्यातले सगळ्यांत ज्येष्ठ आहेत!

असो. बाबा पूर्ण मुक्काम राहिले. तिकीट बदललं नाही. परत गेले ते ताठ मानेने, धक्क्यावरच्या दोस्तांना सांगायला, की अमेरिकेतसुद्धा लोक पाण्यातून घेण्याआधी देवाला देतात म्हणून.

आणि तीन वर्षांनी काय व्हावं? फी रद्द! खरोखरची रद्द! आम्ही गळवाल्यांनी काय जल्लोष केला! अर्लने मला मिठी मारली, पार्कबाईंनी किमची आणली. आणि त्याच उन्हाळ्यात बाबा परत आले. मी ऐटीत तळ्यावर नेलं. बाबा उतरले, बूट काढले... आणि थांबले. पेटी नाही! सिमेंटात नुसते चार बोल्ट!

"दानपेटी खंय?"

"बाबा, ती काढली. फी रद्द झाली ना!" आणि जीभ चावली. गेलं! तीन वर्षांचं खोटं त्या ओल्या गवतात उघडं पडलं!

बाबांनी बूट परत पायात घातले. म्हणाले, "मेल्या, माका वाचूक येना नाय सा वाटला तुका? फीचो बोर्ड माज्या डोक्याएवढो होतो!" म्हणजे... म्हणजे माहीत होतं यांना! पहिल्या दिवसापासून! म्हटलं, मग ते बूट, ते मोजे, ते गोत्र? तर शांतपणे म्हणतात, "फी दिली काय पाणी तेंचां. दान दिलां काय पाणी देवाचां." आणि जाऊन गाडीत बसले. काच वर. "न देता मासो घेवचंय नाय मी." हात जोडले, विनवण्या केल्या, तर खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणतात काय? "तिकीट..."

तुम्हाला सांगतो, मी त्या पार्कात जो पळालो! झाडीमागे तोच उंच रेंजर कचऱ्याची पिशवी बदलत होता. मी धापा टाकत सव्वापाच डॉलर त्याच्यापुढे धरले. तो दोन पावलं मागे सरला. "नो सर, इट्स फ्री नाऊ. आय कान्ट टेक इट." म्हटलं, प्लीज! तो म्हणतो, "फी नको म्हणून सगळ्यांत जास्त ओरडलेले तुम्हीच ना? यू आस्क्ड मी अबाउट माय फादर!" म्हटलं, हो, मीच तो! साहेब, कबूल, पाणी तुमच्या बापाचं नाही, कोणाच्याच बापाचं नाही... पण तो तिथे गाडीत काच वर करून बसलाय ना, तो बाप माझा आहे. घ्या!