जिन्याखालची बाळंतीण

(सांगली. नेपाळी मंडळाचं आरोग्य केंद्र, दुपारी बारा.)

तुलसादीदी : पत्र लिहून तयार आहे मॅडम, हे घ्या. उद्यापासून तुमच्या नर्सिंगच्या मुली आमच्या मंडळात नको.

विनोदिनी मॅडम : दीदी, एकीच्या चुकीसाठी बाराजणींची पोस्टिंग बंद करू नका. आधी पवित्रा कशी आहे ते सांगा.

तुलसादीदी : सिव्हिलमध्ये आहे. ताप एकशे चार. डॉक्टर बोलले, अंगात विष पसरलंय, आत्ताच काय सांगता येत नाही. बाळंत होऊन घरी आली त्याला सहा दिवस झाले. सहाही दिवस अपार्टमेंटच्या जिन्याखाली, फरशीवर पोतं टाकून. नवरा तिथंच वॉचमन. आणि तुमची ही शिवांजली तीन वेळा जाऊन आली.

विनोदिनी मॅडम : शिवांजली, वर बघ. 'बाळंतीण कुठे झोपते' या रकान्यात काय लिहिलंयस?

शिवांजली : 'घरीच.'

विनोदिनी मॅडम : जिना म्हणजे घर?

शिवांजली : खोली जिन्याला लागूनच आहे, मॅडम.

विनोदिनी मॅडम : मला गुंडाळू नकोस. पाहिलंस की नाही?

शिवांजली : पाहिलं. बीपी घेतलं, टाके बघितले, बाळाचं वजन केलं. तवा ताप नव्हता, मॅडम.

तुलसादीदी : त्या वहीत बाकी सगळे सवाल कॉलेजचे. कुठे झोपते, तो एकच माझा. आमच्या गावाकडं सुत्केरी बाईला, बाळंतिणीला, अकरा दिवस गोठ्यात ठेवतात. इथं गोठा नाही तर जिना. अशी कुणी आहे कळलं की तासाभरात मी तिला इथं आणते. ती खाट त्यासाठीच रिकामी ठेवली आहे.

विनोदिनी मॅडम : पवित्राच्या सासूला घाबरलीस का गं?

शिवांजली : नाही.

विनोदिनी मॅडम : मग विसरलीस.

शिवांजली : नाही, मॅडम.

विनोदिनी मॅडम : नीट ऐक. तीन वाजता प्रिन्सिपॉलांपुढे उभं राहायचंय. विसरले म्हणालीस तर ताकीद देऊन सोडतील. बघूनही लिहिलं नाही म्हणालीस तर वर्ष जाईल. आता आठवून सांग.

शिवांजली : विसरले न्हाई. मला त्यात काय वंगाळ वाटलंच न्हाई. आमच्या शिराळ्याकडं, माझ्या घरात, मी सातवीत असल्यापासनं म्हैन्याचं चार दिवस सोप्याच्या कोपऱ्यात निजते. वाकळ येगळी, ताट येगळं. वैनी बाळंत झाली तवा बारा दिवस मागल्या पडवीत हुती. पवित्रा जिन्याखाली दिसली, मला वाटलं, हाय की आपल्यासारखीच. म्हणून 'घरीच' लिहिलं.

तुलसादीदी : नर्सिंग शिकते ना तू?

शिवांजली : व्हय. बाळंतिणीची जागा कोरडी, उबदार, स्वच्छ पाहिजे. पेपरात लिहून मार्क बी घेतल्यात मी.

तुलसादीदी : मला वाटलं, नेपाळी म्हणून लक्ष दिलं नाही. रात्रंदिवस तुमची गेटं सांभाळणारे लोक, कुठं पण झोपतील.

शिवांजली : तसं न्हाई, दीदी. लय चुकलं माझं. ती बरी व्हायला पाहिजे.

तुलसादीदी : ते पत्र द्या इकडं, मॅडम.

विनोदिनी मॅडम : फाडताय?

तुलसादीदी : नाही. खणात ठेवते. पवित्रा उठून बसू दे, मग बघू. तोवर ही एक काम करेल. मार्केट यार्डाजवळ काल अजून एक बाळंत होऊन घरी आली. तिची सासू पण बाहेर जागा शोधते. मी गेले की बोलते, सांगलीत येऊन तू बिघडली. आज ही जाईल.

शिवांजली : मी काय सांगू त्यांना?

तुलसादीदी : आत्ता बोललीस ते. तुझ्या घरचं. आणि पवित्राचं.

शिवांजली : कॉलेजात बी तेच सांगणार हाय मी. वर्ष गेलं तर जाऊ दे, विसरले म्हणून सही करायची न्हाई मला. मॅडम, तुमी रागावलाय. मी रिक्षानं जाते.

विनोदिनी मॅडम : रागावलेच आहे. पण गाडीवर बस, आधी त्या सासूबाईंकडे जाऊ. तिथं मलाही बोलावं लागेल. वीस वर्षं हा धडा शिकवतेय मी. माझ्या सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, घरात दुसरी बाई नाही, आणि अजून त्या चार दिवसांत मी लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही.