एकटीपुरता भात

आधी एक सांगा, सहा जणांचा जेवणाचा सेट भेट द्यायची अक्कल कोणाची? पोरगी जाणार एकटी, दहा बाय दहाच्या खोलीत. उरलेल्या पाच ताटांत काय भिंतींना वाढणार आहे?

हं. आता रीतसर. सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या अधीक्षक बाई, कारकूनभाऊ आणि खाली बसलेल्या माझ्या एकोणचाळीस नाती, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. चाळिसावी इथे वर बसली आहे, मान खाली घालून. मान वर कर गं, हार एवढा जड नाही. मी या बालगृहाची स्वयंपाकीण. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून भाषणाचा कागद आणलेला नाही. आणला असता तरी चष्मा आणलेला नाही.

तर ही आमची घंटी. सहा वर्षांची आली तेव्हा एक शब्द बोलायची नाही, म्हणून जेवणाची घंटा हिच्या हाती दिली. बारा वर्षं घंटा वाजवली आणि आता हिच्या तोंडाला खळ नाही. अठरा पूर्ण झाली, नियमाप्रमाणे निघायचं. कपडे धुण्याच्या कारखान्यात काम लागलंय. इस्त्री अशी करते की पाहुण्यांनी आजचा शर्ट आधी हिच्याकडे पाठवायला हवा होता.

सगळं येतं तिला, पण एकटीचा भात येत नाही. आमच्या मुलींना चाळीस जणींचाच भात येतो. दोष माझा, माझ्या हाताला दुसरं मापच नाही. घंटा झाल्याशिवाय यांना भूक लागल्याचं कळत नाही. खोलीला आतून कडी लावायची सवय नाही, कारण इथे आतून कड्याच नाहीत. भाषणात सगळे सांगतात, मोठ्या व्हा, उंच उडा. कडी लावायला कोणी शिकवायचं?

दोन वर्षांपूर्वी आमची एक मुलगी अशीच हार घालून गेली. उंच म्हणून तिला सगळ्या जिराफ म्हणायच्या. पंधरा दिवसांनी, भर दुपारी कार्यालयात तिचा फोन आला. आजीला विचारा म्हणाली, एकटीला तांदूळ किती घ्यायचे. कारकूनभाऊंनी सांगितलं की तुझं नाव पटावरून कमी झालंय, कार्यालयाचा फोन अडवू नकोस. खाली बघू नका भाऊ, तुम्ही नियमाने वागलात. आणि मी कुठे होते? तिथेच, दारात. सगळं ऐकलं. शेगडीवर दूध होतं. म्हटलं, करेल पुन्हा.

तिने केला नाही.

आठ महिन्यांनी बाजारात भेटली, वाळून काटकी झालेली. मी झापलं, एवढ्याशा भातावरून कोणी रुसतं का? तर म्हणाली, "भाताचं निमित्त होतं, आजी. चार दिवस कोणाशी बोलले नव्हते."

 

परवा घंटी कामाचा फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात आली. सगळा भरलेला, एक ओळ कोरी. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे? माझ्याकडे मोबाईल नाही, मला तो झेपत नाही. म्हटलं, इथला नंबर घाल. तर हिने आधीच विचारलेलं, अठरानंतर तो देता येत नाही म्हणे. फॉर्म उद्या द्यायचाय. मला वाईट वाटू नये म्हणून कोरी ओळ दाखवून हसली. बारा वर्षं हिने आपल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि हिची हाक ऐकायला कोणी नाही?

घड्याळ बघू नका साहेब, संपवते. आपण वेळ काढून आलात, बाईंनी मला बोलू दिलं, सगळ्यांचे आभार. म्हातारीचं बोलणं तिखट लागलं असेल तर वर पाणी प्या आणि सोडून द्या. घंटी, ती ताटं राहू दे. पहिल्या सुट्टीला आम्ही पाच जण जेवायला येतो. भात जास्तच कर, तेवढं तुला येतंच.

आणि तो फॉर्म काढ. पेन साहेबांच्या खिशाला आहे. कोऱ्या ओळीत इथलाच नंबर लिही, सगळ्यांदेखत. आजपासून फोन स्वयंपाकघराच्या दाराशी राहील. वाजला की मी उचलेन. मी नसले तर बाई उचलतील. बाई नसतील तर कारकूनभाऊ, तुम्ही. पट बघायचा नाही, आधी जेवलीस का विचारायचं. दूध उतू गेलं तर जाऊ द्या.