पात्र उमेदवारांनी लिंकवरूनच यावे

(लातूर. एका बड्या कोचिंग क्लासचं ऑफिस. खुर्च्या नव्या, एसी गार.)

मनस्विनी: नाही काका, असा हातात अर्ज घेत नाही आम्ही. फिजिक्सच्या सरांची भरती फक्त इन्स्टाच्या लिंकवरून चालू आहे.

गुरुलिंग: लिंकवरूनच भरला की, मॅडम. दोन मिनटात उत्तर आलं, ‘आपण निकषात बसत नाही.’ एवढ्या झटपट तर आमच्या कॉलेजात रजा बी नामंजूर व्हायची न्हाई.

मनस्विनी: ते आपोआप जातं, काका. फॉलोअर्स किती लिहिले होते?

गुरुलिंग: शून्य. शिकविलेली पोरं हायेत आठ-धा हजार, पण त्यांचा रकाना न्हवता.

मनस्विनी: आणि एक मिनिटाचा डेमो रील?

गुरुलिंग: पाठविला. चाळीस मिनटाचा झाला. घर्षण एका मिनटात कसं संपवावं, तुम्हीच सांगा.

मनस्विनी: मुलं तीन सेकंदांत पुढे सरकवतात हो. चेहरा असा पाहिजे की बोट थांबलं पाहिजे.

गुरुलिंग: हाव, तुमच्या जाहिरातीतला चेहरा लई झकास हाय. दाखवा बरं.

मनस्विनी: ही ना? ‘असे गुरू हवेत!’ साठ हजार लाइक्स आहेत. भूकंपानंतरची पत्र्याची शाळा, टेकवून ठेवलेला फळा, आणि हे सर... काका, जरा चष्मा काढता?

गुरुलिंग: काढतो. पण तव्हा केस बी होते.

मनस्विनी: अगं बाई! म्हणजे तुमच्याच फोटोखाली तुम्ही अर्ज केलात, आणि...

गुरुलिंग: आणि मी माझ्यासारखा न्हाई, असं निघालं.

मनस्विनी: थांबा सर, मालकांना बोलावते. संगमेश्वर सर! जरा बाहेर या!

संगमेश्वर: अरे, गुरुलिंग सर! शरणार्थ, शरणार्थ! पाया पडतो, सर. मनस्विनी, चहा सांग. यांच्यामुळंच मी आज इथं हाय.

गुरुलिंग: मला तास पाहिजे, संगमेश्वर. रिटायर होऊन दोन वर्षं घरी बसून राहिलो, आता भिंतीला शिकवायची पाळी आली. एक बॅच दे. पगार काय बी दे.

संगमेश्वर: बॅच कसली सर, तुमचा कटआउट लावतो चौकात! शिकवायला त्या विरूपाक्षला घेतोय, लाखभर फॉलोअर्स हायेत त्याचे. तुम्ही फक्त उद्घाटनाला उभं राहायचं. तसाच फळा बनवून घेऊ.

गुरुलिंग: खडू देणार, का त्यो बी नुसता दाखवायला?

संगमेश्वर: सर, समजून घ्या. पालक रील बघून ॲडमिशन घेतात. निकष लावावेच लागतात.

गुरुलिंग: बरोबर हाय. पोरी, त्यो फोटो मोठा कर. पुढं एक उघडा पोरगा दिसतो? पाटी न्हाई म्हणून पत्र्याचा तुकडा धरलेला?

मनस्विनी: हो सर. कोण आहे हा?

गुरुलिंग: तुझे मालक.

संगमेश्वर: सर, ते आता कशाला...

गुरुलिंग: भूकंपानंतर ह्याच्याकडं ना दाखला, ना नाव सांगणारं माणूस. आठ दिवस तोंडातनं शब्द न्हाई. चहा राहू दे, पोरी, निघतो मी.

संगमेश्वर: सर, असं नका ना करू.

गुरुलिंग: मी तव्हा निकष विचारले न्हवते, संगमेश्वर. म्हणलं, बस पुढं, तास सुरू झालाय.